जँगोचा ओआरएम : अडत दुकानाच्या हिशेबाला कितपत पुरतो?

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचा एक सौदा झाला, की त्याभोवती बरीच माहिती गोळा होते. माल आणणाऱ्या शेतकऱ्याचे नाव आणि गाव, घेणाऱ्या व्यापाऱ्याचे खाते, माल राजापुरी जातीचा आहे की सेलम, प्रत्येक पोत्याचे वजन, ठरलेला दर, हमाली, तोलाई, हंगामाआधी दिलेली उचल. आणि या सगळ्यातून शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी. ही माहिती डेटाबेसमध्ये एका टेबलात कधीच मावत नाही. ती पाच-सहा टेबलांत विभागलेली असते आणि पट्टी काढताना ती पुन्हा एकत्र आणावी लागते. एकत्र आणण्याचे हे काम वेब प्रोग्रामिंगमध्ये आज बहुतेक ठिकाणी ओआरएमकडे, म्हणजे टेबलांतील ओळी कोडमधील वस्तूंसारख्या वापरू देणाऱ्या मध्यस्थ सॉफ्टवेअरकडे, सोपवले जाते. मी अशाच दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि त्यासाठी पायथॉन या भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क, म्हणजे वेब सॉफ्टवेअर रचण्याचा तयार सांगाडा, वापरतो. त्यातील ओआरएम जोडलेल्या टेबलांतील माहिती किती सहज, किती वेगाने आणि किती अचूक देतो, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हा ओआरएम उत्तम आहे आणि लहान-मध्यम व्यवसायासाठी मी तो निःसंकोच सुचवेन. मात्र त्याचा एक स्वभाव ओळखून असावे लागते: डेटाबेसकडे आपण कधी आणि किती वेळा जात आहोत, हे तो आपणहून सांगत नाही. विचारले तर सर्व सांगतो, जादा फेऱ्या टाळण्याची साधनेही देतो. पण विचारण्याची जबाबदारी प्रोग्रामरची राहते.

जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी 2003 मध्ये काम सुरू केले आणि जुलै 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमी, तिचा लेखक, विभाग, छायाचित्रे अशी एकमेकांत गुंतलेली माहिती वेळेच्या आत पानावर आणणे ही तिथली रोजची गरज होती, आणि संबंधित माहिती वाचण्याच्या बाबतीत हे फ्रेमवर्क इतके सरावलेले का वाटते याचे कारण मला त्यात दिसते. ते बीएसडी परवान्याखाली मोफत आहे आणि 2008 पासून जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था त्याचा सांभाळ करते. अडत दुकानाच्या मालकाला परवान्यापोटी एक रुपयाही मोजावा लागत नाही, ही गोष्ट आपल्याकडे लहान नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोन टेबले फॉरेन कीने जोडली जातात. दिवाणजी रोजकीर्दीत रकमेच्या बाजूला खाते पान लिहितात, म्हणजे पूर्ण खाते तिथे उतरवून न घेता खतावणीतल्या पानाचा क्रमांक तेवढा टिपतात. फॉरेन की म्हणजे नेमके तेच. सौद्याच्या ओळीत शेतकऱ्याचे नाव नसते, फक्त शेतकऱ्याच्या ओळीचा क्रमांक असतो. जँगोमध्ये सौदा या मॉडेलवर (टेबलाच्या कोडमधील वर्णनावर) शेतकरी नावाचे फॉरेन की फील्ड लिहिले, की डेटाबेसमध्ये शेतकरी_आयडी नावाचा स्तंभ तयार होतो, त्यावर शोध जलद करणारा इंडेक्सही आपोआप बसतो आणि कोडमध्ये सौद्यापुढे टिंब देऊन शेतकरी, पुन्हा टिंब देऊन गाव, असे सरळ वाचत जाता येते. उलट दिशेने, शेतकऱ्यावरून त्याच्या सर्व सौद्यांकडेही जाता येते. त्या वाटेला आपल्या पसंतीचे नाव रिलेटेड-नेम या पर्यायाने देता येते. विकणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच खातेदार टेबलात ठेवले असतील, तर असे नाव देणे भागच पडते, कारण दोन्ही फॉरेन कींची उलटी वाट एकाच नावावर येते आणि जँगो तपासणीच्या टप्प्यावरच ते नाकारतो. ही कडक शिस्त मला आवडते.

टिंब दिले की माहिती येते, ही सोय पहिल्याच दिवशी मन जिंकते. परंतु त्या टिंबामागे काय घडते ते नीट पाहायला हवे. डेटाबेसमधून सौदा आणला, तेव्हा शेतकऱ्याची ओळ आलेलीच नसते. कोडमध्ये शेतकऱ्याचे नाव पहिल्यांदा मागितले जाते, त्या क्षणी जँगो स्वतंत्र क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पाठवतो, उत्तर आणतो आणि त्या सौद्यापुरते जपून ठेवतो. त्याच सौद्यावर पुन्हा नाव मागितले तर दुसरी क्वेरी होत नाही. केवळ शेतकऱ्याचा क्रमांक हवा असेल तर शेतकरी_आयडी वाचावा, म्हणजे एकही जादा क्वेरी लागत नाही. एका सौद्याची पट्टी छापताना यातील काहीच जाणवत नाही. दिवसभराची यादी काढली, की जाणवू लागते.

समजा, हंगामातील एका दिवशी दुकानात 200 सौदे झाले आणि संध्याकाळी त्यांची यादी स्क्रीनवर हवी आहे. प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे नाव. साध्या पद्धतीने लिहिलेला कोड सौद्यांसाठी एक, शेतकऱ्यांसाठी 200 आणि व्यापाऱ्यांसाठी 200, अशा 401 क्वेऱ्या पाठवतो. डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर असेल आणि एका फेरीला दोन मिलिसेकंद लागत असतील, तर नुसत्या येण्या-जाण्यात आठशे मिलिसेकंद गेले. क्वेरी चालण्याचा वेळ आणखी वेगळा. त्या दिवशी सगळा माल मोजक्याच व्यापाऱ्यांनी घेतला असला, तरी हा आकडा कमी होत नाही. एकाच व्यापाऱ्याची ओळ त्याने घेतलेल्या प्रत्येक सौद्यासाठी नव्याने आणली जाते, कारण आधी आणलेली ओळ ओळखून तीच पुन्हा वापरण्याची सर्वसाधारण व्यवस्था जँगोमध्ये नाही. पायथॉनमधीलच एसक्यूएलअल्केमी या ओआरएममध्ये सेशनच्या (डेटाबेसशी चाललेल्या एका संवादाच्या) पातळीवर ती आहे. हा फरक निवड करण्याआधी माहीत असलेला बरा.

यावर जँगोने दिलेली दोन साधने मात्र अतिशय स्वच्छ आहेत. पहिले सिलेक्ट-रिलेटेड. सौद्याकडून शेतकऱ्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे जाताना समोर एकच ओळ असते. अशा ठिकाणी सिलेक्ट-रिलेटेड डेटाबेसमध्येच जॉइन करतो, म्हणजे दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी एकत्र जोडतो, आणि सर्व माहिती एका क्वेरीत आणतो. वरच्या 401 क्वेऱ्यांची जागा एक क्वेरी घेते. शेतकऱ्याचे गावही हवे असेल तर शेतकरी आणि गाव यांच्यामध्ये दोन अंडरस्कोर देऊन पुढची पायरी सांगता येते. फॉरेन की रिकामी राहू शकत नसेल तर इनर जॉइन (दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी) आणि राहू शकत असेल तर लेफ्ट आउटर जॉइन (जोड नसलेल्या ओळीही ठेवणारा), हा विवेक तो स्वतः करतो. त्यामुळे ज्या सौद्याचा व्यापारी अजून नोंदलेला नाही तो यादीतून गळत नाही. एक सावधगिरी घ्यावी: नावे न देता नुसते सिलेक्ट-रिलेटेड लिहिले, तर रिकाम्या राहू शकणाऱ्या फॉरेन की वगळल्या जातात. म्हणून कोणते नाते हवे ते नेहमी स्पष्ट लिहावे.

दुसरे साधन प्रीफेच-रिलेटेड. एका सौद्याची पोती अनेक असतात, आणि तिथे जॉइन केला तर सौद्याची तीच ओळ पोत्यांइतक्या वेळा परत येईल. प्रीफेच-रिलेटेड आधी सौदे आणतो, मग त्या सर्व सौद्यांची पोती दुसऱ्या एकाच क्वेरीत आणतो आणि त्यांची सांगड पायथॉनमध्ये घालतो. दोनशे सौदे आणि त्यांची सर्व पोती मिळून दोन क्वेऱ्या. यातील खोच पुढे आहे. प्रीफेच करून आणलेल्या पोत्यांवर आपण पुन्हा फिल्टर लावला, म्हणजे उदाहरणार्थ 60 किलोंहून जड पोतीच हवीत असे म्हटले, तर आधी आणलेली पोती तशीच पडून राहतात आणि प्रत्येक सौद्यासाठी नवी क्वेरी जाते. म्हणजे प्रीफेचची किंमत मोजली आणि लाभ शून्य. अशा वेळी प्रीफेच नावाचे स्वतंत्र ऑब्जेक्ट वापरून आतला क्वेरीसेट (क्वेरीतून येणाऱ्या ओळींचा संच) आधीच गाळून घ्यावा आणि टू-अ‍ॅट्र या पर्यायाने तो वेगळ्या नावाखाली साधी यादी म्हणून ठेवावा. त्या नावावर चुकूनही फिल्टर लावता येत नाही, हीच त्याची खरी उपयुक्तता आहे. प्रत्येक शेतकऱ्याचे शेवटचे पाच सौदे, अशी मर्यादा घातलेला क्वेरीसेट प्रीफेचमध्ये देण्याची सोय 4.2 या आवृत्तीपासून आली आहे. खातेउताऱ्याच्या पानासाठी ती फार कामाची आहे.

जादा क्वेऱ्या नेहमी आपल्या लूपमधूनच (ओळीमागून ओळ फिरणाऱ्या कोडमधूनच) जातात असे नाही, आणि यासाठी एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जँगोच्या अ‍ॅडमिन विभागात, म्हणजे नोंदी भरण्यासाठी आयत्या मिळणाऱ्या पानांवर, नवा सौदा नोंदवताना शेतकरी निवडण्यासाठी ड्रॉपडाउन येतो आणि त्यातील प्रत्येक पर्यायाचा मजकूर मॉडेलच्या स्ट्र या पद्धतीतून तयार होतो. आपल्या जिल्ह्यात नुसत्या नावाने माणूस ओळखता येत नाही. एकाच नावा-आडनावाचे खातेदार तासगावात असतात, पलूसमध्ये असतात आणि वाळवा तालुक्यातही असतात. म्हणून दिवाणजी साहजिकच नावापुढे गाव मागतात आणि प्रोग्रामर स्ट्रमध्ये नाव आणि गाव असे लिहितो. गाव हे वेगळे टेबल असेल तर इथेच घात होतो. दुकानाकडे तीन हजार खातेदार असतील, तर सौद्याचा कोरा फॉर्म उघडण्यासाठी गावांच्या तीन हजार क्वेऱ्या जातात. आपण लिहिलेल्या कोडमध्ये कुठेही लूप दिसत नाही आणि पान मात्र उघडता उघडत नाही. यावर 2.0 या आवृत्तीपासून मिळणारा ऑटोकम्प्लीट-फील्ड्स हा पर्याय वापरावा, म्हणजे चार अक्षरे टाइप केल्यावर जुळणारे थोडेच खातेदार आणले जातात; आणि त्या शोधाच्या क्वेरीसेटलाही गावासाठी सिलेक्ट-रिलेटेड जोडून ठेवावे. दिवाणजींच्या कामाचा वेग वाढवणारी याहून सोपी सुधारणा मला तरी माहीत नाही.

संबंधित टेबलांवरून गाळणी लावण्यात जँगोचा हात धरणारे फारच थोडे आहेत. सौद्यांच्या क्वेरीसेटवर शेतकरी, गाव, तालुका अशी नावे दोन-दोन अंडरस्कोरने जोडून त्याची किंमत तासगाव दिली, की तासगाव तालुक्यातील शेतकऱ्यांचे सर्व सौदे मिळतात. तीन टेबलांचे जॉइन हाताने लिहावे लागत नाहीत. ही लिहिण्याची रीत वाचायलाही इतकी सरळ आहे, की नवा मुलगा हाताखाली आला तरी त्याला ती दोन-चार उदाहरणांत उमगते. अवघडपणा येतो तो एकाकडून अनेकांकडे जाताना. ज्या शेतकऱ्यांची राजापुरी हळद क्विंटलला 15,000 रुपयांहून अधिक दराने गेली, त्यांची यादी हवी आहे असे समजू. हळदीची जात आणि दर या दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये लिहिल्या, तर त्या एकाच सौद्याला लागू होतात आणि यादी बरोबर येते. त्याच अटी दोन फिल्टर एकापुढे एक जोडून लिहिल्या, तर अर्थ बदलतो: ज्याचा कोणतातरी सौदा राजापुरीचा आहे आणि कोणतातरी सौदा, मग तो सेलमचा का असेना, 15,000 च्या वर गेला आहे, असा शेतकरीही यादीत येतो. शिवाय एकाच शेतकऱ्याचे नाव अनेकदा येऊ शकते आणि पुनरावृत्ती काढणारे डिस्टिंक्ट लावावे लागते. जँगोच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि एक्स्क्लूडचे (ओळी वगळण्याच्या पद्धतीचे) वागणे याहून वेगळे आहे हेही तिथेच सांगितले आहे. तरीही, एका टेबलावर काम करताना ज्या दोन लेखनपद्धतींचा अर्थ एकच होतो, त्यांचा अर्थ नात्यावरून जाताना वेगळा व्हावा, हा या ओआरएमच्या रचनेतील मला सर्वांत खटकणारा भाग आहे. निदान तशी सूचना तरी मिळायला हवी होती.

याहून गंभीर बाब बेरजांची आहे, आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मी आग्रहाने म्हणेन. अ‍ॅनोटेट या पद्धतीने प्रत्येक सौद्यासोबत संबंधित टेबलातील बेरीज आणता येते. सौद्यासोबत पोत्यांच्या वजनाची बेरीज मागितली, तर ती अगदी बरोबर येते. सौद्यासोबत कपातींची बेरीज मागितली, तर तीही बरोबर येते. दोन्ही बेरजा एकाच क्वेरीसेटवर मागितल्या, तर दोन्ही चुकतात.

एक सौदा घेऊन पाहू. तीन पोती, वजने 58, 60 आणि 62 किलो. एकूण 180 किलो. दर क्विंटलला 15,000 रुपये, म्हणून मालाची रक्कम 27,000 रुपये. कपाती दोन: हमालीचे 60 आणि उचलीचे 5,000, एकूण 5,060 रुपये. शेतकऱ्याला मिळायला हवेत 21,940 रुपये. आता जँगो दोन्ही बेरजांसाठी सौद्याला पोती आणि कपाती ही दोन्ही टेबले एकाच वेळी जॉइन करतो. तीन पोती आणि दोन कपाती यांच्या सहा जोड्या तयार होतात. त्या सहा ओळींत प्रत्येक पोते दोनदा आणि प्रत्येक कपात तीनदा येते. वजनाची बेरीज 360 किलो होते, मालाची रक्कम 54,000 रुपये होते, कपात 15,180 रुपये होते आणि पट्टीवर 38,820 रुपये छापले जातात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. आकडा अविश्वसनीय वाटावा इतका मोठाही नसतो.

चाचणी करताना हा दोष हुलकावणी देतो, हे त्यातील आणखी एक संकट. चाचणीसाठी एक सौदा, एक पोते आणि एक कपात अशी माहिती घातली, तर एक गुणिले एक एकच, त्यामुळे उत्तर बरोबर येते. अनेक पोती पण एकच कपात असेल, तर वजन बरोबर येते आणि फक्त कपात फुगते. एकही कपात नसेल, तर लेफ्ट जॉइनमुळे वजन पुन्हा बरोबर येते, परंतु कपातीची बेरीज शून्य न येता रिकामी येते, आणि रिकाम्या किमतीशी वजाबाकी केली की डेटाबेसमध्ये संपूर्ण पट्टीच रिकामी होते. या शेवटच्या गोष्टीसाठी 4.0 या आवृत्तीपासून बेरजेच्या फंक्शनला डीफॉल्ट किंमत देता येते. तिथे शून्य लिहावा. दुहेरी बेरजेसाठी मात्र सबक्वेरी (क्वेरीच्या आतली स्वतंत्र क्वेरी) आणि आउटर-रेफ (तिला बाहेरच्या ओळीशी जोडणारा दुवा) यांचा आधार घ्यावा, जे 1.11 पासून उपलब्ध आहेत. प्रत्येक बेरीज स्वतःच्या सबक्वेरीत होते, जॉइनची गुणाकारी होत नाही आणि आकडे जागेवर येतात. मोजणीच्या फंक्शनला डिस्टिंक्ट लावून काम भागते, पण बेरजेला तोच उपाय लावू नये: तिथे डिस्टिंक्ट समान किमती एकदाच धरतो आणि 60 किलोंची दोन पोती असतील तर एक गायब होते. जँगोच्या दस्तऐवजात, अनेक बेरजा एकत्र केल्यास चुकीचे उत्तर येईल, असा इशारा ठळकपणे दिलेला आहे. इशारा देणे प्रामाणिकपणाचे आहे, हे मान्यच. पण शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असतो तेव्हा इशारा कागदावर न राहता प्रोग्राम चालतानाही मिळावा, असे मला मनापासून वाटते.

नोंद पुसण्याच्या बाबतीत जँगोने योग्य तेच केले आहे. 2.0 आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर 2017 पासून, प्रत्येक फॉरेन कीवर ऑन-डिलीट लिहिणे सक्तीचे आहे. मुख्य नोंद पुसली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचे काय करायचे, याचा निर्णय लिहिणाऱ्याला घ्यावाच लागतो. हिशेबाच्या टेबलांवर कॅस्केड (अवलंबून नोंदीही पुसा) लिहू नये. शेतकऱ्याचे खाते पुसले आणि त्याच्याबरोबर मागील हंगामांचे सर्व सौदेही गेले, तर व्यापाऱ्यांची येणीही जुळणार नाहीत. तिथे प्रोटेक्ट (पुसायला मनाई) लिहावे. पोती ही सौद्याचाच भाग असल्याने तेवढ्यापुरते कॅस्केड ठीक आहे.

दोन संगणकांवरून एकाच सौद्याची पट्टी एकाच वेळी काढली जाऊ नये, यासाठी सिलेक्ट-फॉर-अपडेटने ओळ रोखून धरता येते. इथे संबंधित टेबलांचा एक बारीक अडथळा येतो. व्यापाऱ्याची फॉरेन की रिकामी राहू शकत असेल आणि त्याच क्वेरीला सिलेक्ट-रिलेटेड जोडलेले असेल, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस लेफ्ट जॉइनच्या रिकाम्या होऊ शकणाऱ्या बाजूवर कुलूप लावायला नकार देतो आणि क्वेरी अडते. ऑफ या पर्यायात फक्त सौद्याचीच ओळ रोखायची असे सांगितले, की प्रश्न सुटतो. अशा तपशिलांची सोय आधीच करून ठेवलेली असते, म्हणूनच हा ओआरएम प्रौढ वाटतो.

इतरांशी तुलना करायची तर मुख्य फरक मघाशी सांगितलेल्या स्वभावातच आहे. एसक्यूएलअल्केमीमध्ये एखादे नाते आधी आणले नसेल तर ते वाचताच त्रुटी यावी असे ठरवता येते. रूबी भाषेतील रूबी ऑन रेल्सने 6.1 या आवृत्तीत स्ट्रिक्ट-लोडिंग ही तशीच सोय आणली. पीएचपीमधील लाराव्हेलनेही आठव्या आवृत्तीच्या काळात, 2021 मध्ये, न सांगता होणाऱ्या अशा क्वेऱ्यांना मनाई करण्याची सोय दिली. जँगोच्या 5.2 या आवृत्तीपर्यंत अशी मनाई मूळ फ्रेमवर्कमध्ये नाही, बाहेरचे पॅकेज घ्यावे लागते. या एका बाबतीत जँगो मागे राहिला आहे. दुसरीकडे, एसक्यूएलअल्केमीची ताकद मोठी असली तरी सेशन कधी उघडायचे, कधी मिटवायचे याचे भान सतत ठेवावे लागते. एक-दोन माणसांच्या कचेरीला जँगोचा सरळपणा अधिक मानवतो. अ‍ॅडमिन, फॉर्म आणि मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतील बदल लागू करण्याची सोय) या ओआरएमशी आधीच जुळलेले मिळतात, हा तर निर्विवाद फायदा आहे.

मनाई नसली तरी पहारा ठेवता येतो, आणि तो ठेवल्याशिवाय जँगोवर हिशेबाचे काम करू नये. विकसनाच्या काळात जँगो डीबग टूलबार लावून ठेवावा. पानाने किती क्वेऱ्या पाठवल्या आणि त्यांतील किती एकसारख्या होत्या हे तो बाजूलाच दाखवतो. त्याहून महत्त्वाची आहे असर्ट-नम-क्वेरीज ही चाचणीतील सोय. पोत्यांसह सौद्यांच्या यादीला दोनच क्वेऱ्या लागतात असे चाचणीत एकदा लिहून ठेवले, की पुढे कोणी टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) सहज म्हणून शेतकऱ्याच्या गावाचा तालुका दाखवायला घेतला, तर चाचणी तत्काळ पडते आणि कारण कळते. चाचणीच्या माहितीत किमान तीन पोती आणि दोन कपाती असलेला एक सौदा, एकही कपात नसलेला दुसरा आणि व्यापारी न ठरलेला तिसरा, एवढे तरी असावे. वर सांगितलेले बहुतेक दोष या तीन सौद्यांत उघडे पडतात.

तालुकावार, जातवार, महिनावार आवकेचा तक्ता, किंवा व्यापाऱ्याच्या खात्याची चालती बाकी, अशा कामांसाठी ओआरएमच्या वाक्यरचनेशी झुंजत बसू नये. विंडो फंक्शने (चालत्या बाकीसारखी गणिते करणारी) त्यात आहेत, पण चार-पाच पायऱ्यांचा अहवाल थेट एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत, अधिक स्वच्छ उतरतो आणि जँगो ती थेट चालवण्यासाठी कर्सर मोकळा ठेवतो. याच कारणाने माझी एक ठाम शिफारस आहे: सांगलीच्या विश्रामबागेतल्या कोणत्याही वर्गात जँगो शिकणाऱ्या मुलाने आधी जॉइन, ग्रुप बाय आणि सबक्वेरी हाताने लिहून घ्यावे. वरच्या उदाहरणातील 360 किलो कुठून आले, हे ज्याला सहा ओळी मांडून दाखवता येते, त्याच्या हाती हा ओआरएम सुरक्षित आहे.

आवृत्ती निवडताना 5.2 घ्यावी. ती दीर्घ पाठबळाची आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली आणि तिला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. जँगोची नवी आवृत्ती साधारणपणे दर आठ महिन्यांनी येते, परंतु हळदीचे सौदे जोरात असताना चालत्या दुकानाचे सॉफ्टवेअर बदलायला कोणताही मालक परवानगी देत नाही आणि देऊही नये. बदल करायचेच तर आवक ओसरल्यावर, मागील हंगामाच्या सर्व पट्ट्या नव्या आवृत्तीवर पुन्हा काढून आणि जुन्या आकड्यांशी पैशापैशाने ताडून पाहिल्यानंतरच करावेत.